अरणगांवचें मौन आणि एक इंग्रजी बोलपट

अहमदनगरहून (शहर व जिल्हा या दोहोंचें नांव आतां अहिल्यानगर असें झालें आहे) दौंडच्या रस्त्यानें पांच-सहा मैल गेलें म्हणजे अरणगांव लागतें. दौंड-मनमाड लोहमार्ग या गांवाच्या शिवारांतूनच जातो. मार्गाच्या एका बाजूस एक टेकडी आहे आणि टेकडीवर घुमटाची एक लहानशी समाधि आहे. दर वर्षीं ३१ जानेवारीस देशोदेशींचीं हजारों माणसें तेथें जमतात आणि दुपारीं सवाबाराच्या सुमारास कांहीं मिनिटें एक शब्दहि न उच्चारतां बसून राहतात.

आतां दुसरें एक दृश्य. पांढऱ्याशुभ्र दालनांत एक श्रीमंत स्त्री दूरचित्रवाणीच्या यंत्रापुढें बसली आहे. यंत्राची कांच फुटते आणि आंतून प्रथम साबणाचा फेस, मग टोमॅटोच्या रश्शांत शिजविलेले घेवड्याचे दाणे आणि शेवटीं पातळ चॉकलेट यांचा लोंढा बाहेर पडतो. थोड्या वेळापूर्वीं पडद्यावर ज्या मालाच्या जाहिराती चालल्या होत्या, तोच हा माल. ती स्त्री त्या चिखलांत लोळते, हंसते, विव्हळते. पाहणारा हंसूं लागतो आणि हंसतां हंसतां त्याच्या अंगावर कांटा उभा राहतो. केन रसेल या इंग्रज दिग्दर्शकाच्या ‘टॉमी’ या १९७५ सालच्या चित्रपटांतील हें दृश्य आहे. अरणगांवची नि:शब्द टेकडी आणि हा फेसाळ गोंधळ यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, असें कोणाच्या स्वप्नांतहि येणार नाहीं. परंतु तो आहे. आणि तो उलगडून पाहिला म्हणजे मौन या एकाच शब्दाखालीं किती भिन्न वस्तु वावरतात, हें ध्यानांत येतें.

केन रसेल (१९२७–२०११) हा इंग्लंडांतील चित्रपटकारांत एक विक्षिप्त पुरुष म्हणून ओळखला जाई. बी. बी. सी. साठीं संगीतकारांचीं चरित्रें चित्रित करून त्यानें नांव मिळविलें, आणि १९७१ सालच्या ‘द डेव्हिल्स’ या चित्रपटानें मोठें वादळ उठविलें. भय आणि विनोद यांना एकाच ताटांत वाढणें ही त्याची खास रीत होती. पुढें १९८८ सालीं त्यानें ‘द लेअर ऑफ द व्हाइट वर्म’ हा उघडउघड भयपट काढला. ‘ड्रॅक्युला’चा कर्ता ब्रॅम स्टोकर याच्या १९११ सालच्या कादंबरीवरून तो घेतलेला होता. डर्बीशायर परगण्यांत जमीन खणतांना एका प्रचंड सर्पाची कवटी सांपडते आणि शेजारच्या वाड्यांतील रूपगर्विता ही त्या सर्पदेवतेची पुजारीण निघते. प्रेक्षक भ्यावें कीं हंसावें याच विवंचनेंत शेवटपर्यंत राहतो. मात्र ही रीत रसेलनें ज्या कथेंत सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरली ती ‘टॉमी’चीच होय. हिला रूढ अर्थानें भयकथा म्हणतां येत नाहीं. पण तिच्या पोटांत जें भय आहे तें कोणत्याहि सर्पदेवतेच्या भयापेक्षां खरें आहे. आणि या कथेचें मूळ शोधूं गेल्यास वाट थेट नगर जिल्ह्यांत येते.

नगर जिल्ह्यास शब्द व मौन या दोहोंचाहि वारसा आहे. शके १२१२ मध्यें याच जिल्ह्यांतील नेवासें येथें ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपलें भाष्य सांगितलें. ज्या खांबास टेकून तें सांगितलें असें परंपरा मानते, तो ‘पैस’ अद्याप तेथें दाखवितात. मराठी वाणीला तेथें जणूं पूर आला. त्याच जिल्ह्यांत सवासहाशें वर्षांनंतर एका तरुणानें आपली वाणी आपण होऊन थांबविली. त्याचें नांव मेरवान शेरियार इराणी. हा २५ फेब्रुवारी १८९४ रोजीं पुण्यास जन्मला आणि तेथील डेक्कन कॉलेजांत शिकला. पुण्याच्या लष्करांत निंबाच्या झाडाखालीं बसणाऱ्या हजरत बाबाजान या वृद्ध फकीर स्त्रीच्या सहवासांत त्याचें चित्त संसारांतून उडालें. पुढें शिर्डीस साईबाबांचें दर्शन झालें आणि उपासनी महाराजांच्या सान्निध्यांत, विशेषतः साकुरी येथें, त्याची साधना झाली. १९२३ सालीं तो आपल्या सोबत्यांसह अरणगांवीं आला. पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या लष्करी छावणीच्या ओसाड इमारती तेथें उभ्या होत्या. त्यांतच आश्रम, दवाखाना आणि शाळा निघाली. सोबती त्यास मेहेरबाबा म्हणूं लागले होते. १० जुलै १९२५ पासून मेहेरबाबांनीं बोलणें सोडलें, तें ३१ जानेवारी १९६९ रोजीं पिंपळगांवजवळील मेहेराझाद येथें देह ठेवीपर्यंत पुन्हां सुरू केलें नाहीं. इंग्रजी अक्षरांच्या एका फळीवर बोट फिरवून ते आपलें म्हणणें कळवीत. १९५४ सालीं तीहि फळी दूर झाली आणि केवळ हस्तसंकेत उरले. त्यांना अवतार मानावें कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. साडेत्रेचाळीस वर्षांचें मौन हा मात्र इतिहास आहे.

या मौनाचा आणि चित्रपटाचा संबंध प्रारंभापासूनच चमत्कारिक रीतीनें जुळलेला दिसतो. मेहेरबाबांनीं बोलणें सोडलें तेव्हां चित्रपटहि मुकाच होता. पुढें १९२७ सालीं अमेरिकेंतील चित्रपटास वाचा फुटली. १९३१ सालीं मुंबईंत ‘आलम आरा’ बोलूं लागला आणि १९३२ च्या प्रारंभीं ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलला. त्याच १९३२ सालीं मेहेरबाबा इंग्लंडमार्गे अमेरिकेस गेले. लंडनमध्यें पॅरामाउंट कंपनीच्या वार्तापटांत त्यांचें चित्र घेण्यांत आलें. त्यांत त्यांचें बोट फळीवरून फिरतें आणि शब्द उच्चारतो तो त्यांचा एक इंग्रज अनुयायी. बोलपटाच्या त्या नव्या नवलाईंत हा एक मनुष्य तेवढा मुका राहिला. हॉलिवूडांत नटनटींनीं त्यांचें स्वागत केलें, आणि तेथील ‘हॉलिवूड बोल’ या विशाल खुल्या रंगमंचावर १३ जुलै रोजीं ते मौन सोडणार अशी वार्ताहि प्रसृत झाली. ती तारीख आली आणि गेली. मौन सुटलें नाहीं. अनुयायी याचा अर्थ एक लावतात, टीकाकार दुसरा. परंतु ज्या नगरींत प्रत्येक गोष्टीचा तमाशा होऊं शकतो, त्या नगरीच्या हातून एक तमाशा निसटला, एवढें दोघांनाहि मान्य व्हावें.

यानंतर पस्तीस वर्षांनीं, १९६७ सालीं, लंडनमधील पीट टाउनशेंड या तरुण गायक-वादकाच्या कानीं मेहेरबाबांचें नांव आलें. चित्रकार माइक मॅकिनर्नी हा त्याचा मित्र. त्याच्याकडून हा परिचय झाला. टाउनशेंड हा ‘द हू’ या चौघां वादकांच्या संचाचा प्रमुख गीतकार. कानठळ्या बसविणारा आवाज आणि प्रयोगाच्या शेवटीं वाद्यांची मोडतोड यांबद्दल हा संच प्रसिद्ध होता. पश्चिमेंतील तरुण पिढी त्या काळीं एल. एस. डी. सारख्या मादक द्रव्यांतून ईश्वरदर्शन होतें असें मानूं लागली होती. गोळी घेऊन ईश्वर मिळत नाहीं, असें मेहेरबाबांनीं स्पष्टपणें कळविलें होतें आणि १९६६ सालीं त्यांचे हे विचार पुस्तिकारूपानें अमेरिकेंत प्रसिद्धहि झाले होते. टाउनशेंडनें तो मार्ग सोडून दिला. एवढ्या गोंगाटांत राहणाऱ्या माणसाला एका मौनी पुरुषाची ओढ लागावी, हें विलक्षण खरें. पण दमलेल्या माणसालाच सावलीची किंमत अधिक कळते.

या ओढींतूनच त्यास एका बहिऱ्या, मुक्या व आंधळ्या मुलाची कथा सुचली. मनुष्य डोळे-कान असूनहि सत्याविषयीं आंधळा व बहिरा असतो, या विचाराचें तें रूपक होतें. ‘टॉमी’ ही दोन तबकड्यांची गीतमालिका मे १९६९ मध्यें प्रसिद्ध झाली. तिचें वेष्टन मॅकिनर्नीनेंच रंगविलें होतें, आणि श्रेयनामावलींत ‘अवतार’ या शब्दापुढें मेहेरबाबांचें नांव छापलेलें होतें. तत्पूर्वीं चारच महिने अरणगांवच्या टेकडीवर मेहेरबाबांचा देह विसावला होता. लाखों घरांत वाजलेल्या त्या तबकडीवर नगर जिल्ह्यांतील एका आश्रमाच्या स्वामीचें नांव होतें, ही गोष्ट नगरांतहि फारच थोड्यांना ठाऊक असेल.

या कथेचें दुसरें एक मूळ मात्र अधिक दु:खद आहे. युद्धांत मेलेला समजला गेलेला बाप एके रात्रीं घरीं परततो. आईच्या शेजारीं परका पुरुष आहे. झटापट होते आणि खून पडतो. तबकडींत मरतो तो परका. चित्रपटांत मरतो तो बापच. लहान टॉमी हें सारें पाहतो. मोठीं माणसें त्यास दरडावतात कीं, तूं कांहीं पाहिलें नाहींस, कांहीं ऐकलें नाहींस आणि कोणास कांहीं सांगणार नाहींस. आज्ञाधारक मूल ती आज्ञा इतक्या पूर्णपणें पाळतें कीं त्याचे डोळे, कान आणि जीभ तिन्ही मिटतात. पुढें आईबाप त्यास चुलतभावाच्या व काकाच्या हवालीं करून बाहेर जातात. एक त्याचा छळ करतो, दुसरा त्याची अब्रू घेतो. हीं दोन गाणीं लिहिण्यास टाउनशेंडचा हात धजला नाहीं; त्यानें तीं आपला सहकारी जॉन एंट्विसल याजकडून लिहवून घेतलीं. तो कां धजला नाहीं, याचा उलगडा २०१२ सालच्या त्याच्या आत्मचरित्रांत होतो. लहानपणीं आजीकडे ठेवलें असतां आपल्यावर असाच प्रसंग गुदरला असावा, अशी त्याची समजूत आहे. म्हणजे टॉमीचें मौन केवळ अरणगांवाहून आलेलें नाहीं. ज्या घरांत मुलास बोलूं दिलें जात नाहीं त्या घरांतूनहि तें आलें आहे.

ही कथा रसेलच्या हातीं आली. त्यानें १९७४ सालीं चित्रण केलें आणि मार्च १९७५ मध्यें चित्रपट प्रकाशित झाला. बोलपट म्हणावा तर त्यांत संवाद बोलला जात नाहीं. सारेंच गायिलें जातें. टॉमीचें काम रॉजर डाल्ट्रीनें, आईचें अ‍ॅन-मार्गरेटनें, आणि सावत्र बापाचें ऑलिव्हर रीडनें केलें. चित्रण चालू असतां ११ जून १९७४ रोजीं साउथसी येथील समुद्रांतील धक्क्यावरच्या इमारतीस खरोखरीची आग लागली. आणि दूरचित्रवाणीच्या त्या लोंढ्यांत लोळतांना अ‍ॅन-मार्गरेटचा हात कांचेनें खरोखरीच कापला. विटंबनेचें नाटक करतांनाहि थोडें रक्त खरें सांडलें.

चित्रपटाचा गाभा म्हणजे मुलास बरें करण्याचे उपाय. मूल आजारी पडलें म्हणजे वैद्य, मांत्रिक, नवस या क्रमानें धांवणारें घर मराठी वाचकास अपरिचित नाहीं; त्या धांवपळीचेंच हें विकट चित्र आहे. प्रथम आई त्यास एका मंदिरांत नेते. तेथील देवता म्हणजे नटी मेरिलिन मन्रो! तिची भव्य मूर्ति मिरवीत आणली जाते, एरिक क्लॅप्टन हा पुरोहित होऊन वाद्य वाजवितो, पंगु व आंधळे लोक रांगेनें मूर्तीस स्पर्श करतात, आणि तीर्थप्रसाद म्हणून वाटली जाते ती मद्य व गोळ्या यांची जोडी. टॉमीचा स्पर्श होतांच मूर्ति कोसळून तिचे तुकडे होतात. दुसरा उपाय सावत्र बापाचा. तो मुलास टीना टर्नरनें रंगविलेल्या एका चेटकिणीकडे नेतो. ती त्यास मानवी आकाराच्या पोलादी पेटाऱ्यांत कोंडते आणि चोहों बाजूंनीं इंजेक्शनच्या सुया त्याच्या अंगांत शिरतात. गोळीनें ईश्वर भेटत नाहीं हें अरणगांवाहून गेलेलें शांत वाक्य येथें पोलादी दु:स्वप्न होऊन उभें राहिलें आहे. तिसरा उपाय जॅक निकल्सन या गुळगुळीत डॉक्टरचा. त्याचें सारें लक्ष रोग्यावर नसून रोग्याच्या आईवर. प्रेक्षक हंसतो खरा. पण या साऱ्या खटाटोपांत, त्या रात्रीं काय पाहिलेंस, हा एकच प्रश्न मुलास कोणी विचारीत नाहीं हें त्याच्या लक्षांत येतें तेव्हां तें हंसूं घशांत अडकतें.

टॉमीला सांपडतो तो एकच खेळ, पोलादी गोळी उडविण्याचें पिनबॉल यंत्र. हा खेळ कथेंत येण्याचें कारण मौजेचें आहे. निक कोन हा टीकाकार त्या खेळाचा शौकीन होता, आणि त्यास गीतमालिका आवडावी म्हणून टाउनशेंडनें तो घातला. आंधळा, बहिरा मुलगा केवळ स्पर्शानें व कंपनानें त्या खेळांत सर्वांना जिंकतो. त्यास पैसा व कीर्ति मिळते, आणि ती आईच्या दालनांत लोंढा होऊन शिरते. शेवटीं आई त्यास आरशावर लोटते. आरसा फुटतो आणि त्याच्या तिन्ही इंद्रियांना जाग येते.

येथें कथा संपती तर ती एक सुबोध बोधकथा झाली असती. परंतु तिचा खरा डंख पुढेंच आहे. बरा झालेला टॉमी मुक्तीचा मार्ग लोकांना सांगूं लागतो. अनुयायी जमतात, मठ निघतो, स्मृतिचिन्हांचीं दुकानें लागतात आणि मुलाची अब्रू घेणारा काकाच गल्ल्यावर बसतो. गुरूची अवस्था आपणांस प्राप्त व्हावी म्हणून भक्त डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे आणि तोंडांत बूच घालून पिनबॉल खेळूं लागतात. जें मुलावर भयानें लादलें गेलें, त्याचा आतां विधि होतो. थोड्याच दिवसांत भक्त चिडतात, मठ जाळतात, आई व सावत्र बाप यांना ठार मारतात, आणि एकाकी टॉमी पाण्यांतून व कड्यांवरून वर चढत उगवत्या सूर्यासमोर जाऊन उभा राहतो.

हा उपहास कोणावर आहे? अरणगांवावर तो खास नाहीं. ज्यानें आपल्या कृतीवर मेहेरबाबांचें नांव छापलें तो त्यांची थट्टा करण्यास निघाला नव्हता. उपहास आहे तो घाईवर. दुसऱ्याच्या जीवनांतून बाह्य खूण तेवढी उचलावी आणि तिलाच साधना समजावें, ही ती घाई होय. गुरु मौनी असेल तर तोंडांत बूच घालावें, गुरु फाटकें नेसत असेल तर नवें वस्त्र मुद्दाम फाडावें, हा प्रकार तीर्थक्षेत्रांनीं गजबजलेल्या या जिल्ह्यास नवा नाहीं. संताच्या दारीं दुकान लागतें, तें संताच्या दोषानें नव्हे. परंतु दुकानाची गर्दी पाहून दार कोणाचें होतें याचा विसर पडतो, हें मात्र पुष्कळ वेळां घडतें.

रसेलच्या चित्रपटांत दोषहि आहे. त्याचा आवाज कोठें उतरत नाहीं. बालकाच्या छळाचा प्रसंगहि त्याच विदूषकी थाटांत येतो, आणि कांहीं प्रेक्षकांना तो असह्य वाटल्यास त्यांत नवल नाहीं. ज्या विषयाचें हृदय मौन आहे, तो विषय क्षणभरहि गप्प न बसणाऱ्या चित्रपटांत सांगावा, ही विसंगति रसेलला टाळतां आली नाहीं. तरीहि एक गोष्ट त्यानें अचूक पकडली. लादलेलें मौन आणि स्वीकारलेलें मौन बाहेरून सारखींच दिसतात. दोहोंतहि जीभ हलत नाहीं. पण एकांत बोलण्याची शक्ति दुसऱ्यानें हिरावलेली असते, आणि दुसऱ्यांत ती स्वतः बाजूस ठेवलेली असते. मेहेरबाबांचें बोट फळीवरून अखंड फिरत होतें, आणि पुढें हात बोलत होते. टॉमीला मात्र फळी देणारें कोणी नव्हतें.

टाउनशेंड १९७२ सालीं नगरास येऊन त्या समाधीचें दर्शन घेऊन गेला. ३१ मे १९७६ रोजीं लंडनमधील चार्लटन येथें ‘द हू’चा जो प्रयोग झाला, त्याची जगांतील सर्वांत कर्कश मैफल म्हणून गिनीज बुकांत नोंद झाली. वर्षानुवर्षांच्या या घणघणाटाचा दंड त्यास भरावा लागला. त्याचे कान अधू झाले व त्यांत सतत गुणगुण राहूं लागली, आणि हें त्यानें स्वतःच जाहीरपणें सांगून तरुण वादकांना सावध केलें. बहिऱ्या मुलाची कथा लिहिणाऱ्याच्याच कानांवर असा प्रसंग यावा हा दैवाचा क्रूर विनोद. रसेलला सुद्धां याहून अधिक काळा विनोद सुचला नसता.

चित्रपट संपतो तेव्हां टॉमी डोंगरावर उभा राहून मोठ्यानें गात असतो. अरणगांवच्या टेकडीवर ३१ जानेवारीच्या दुपारीं कोणी गात नाहीं. तेथें बसलेल्यांपैकीं कोणी ‘टॉमी’ पाहून आलेला असतो, कोणी त्याचें नांवहि ऐकलेलें नसतें. कांहीं मिनिटें सरलीं म्हणजे सारे पुन्हां बोलूं लागतात, कारण त्या मौनाची आज्ञा त्यांना कोणी दरडावून दिलेली नसते. ज्या घरांत मूल एकाएकीं गप्प झालें असेल, त्या घरानें मात्र त्या गप्पपणास शहाणपण समजून स्वस्थ बसूं नये. त्याच्या जवळ बसावें, आणि टॉमीस जें कोणी विचारलें नाहीं तें त्यास विचारावें.